एकशे सदतिसाव्या क्रमांकाचं गाणं

मिरजेत आमच्या अण्णांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसत असे. १९८६ साल संपत आलं असेल. आखातात नोकरी करणाऱ्या कुणाचा तरी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला. ‘आवाज ओढतोय’ एवढीच तक्रार. आतली कॅसेट काढायला गिऱ्हाईक विसरलं होतं. अण्णांनी बटण दाबलं आणि एक इंग्रजी गाणं जड, दमलेल्या आवाजात रेंगाळत वाजू लागलं. मोटारीचा रबरी पट्टा सैल झाला की असं होतं. फीत सावकाश सरकते, लय मंदावते आणि स्वरही खाली उतरतात. अण्णांनी पट्टा बदलला आणि तेच गाणं पळत सुटलं. शेवटी गायक इतका वर गेला की अण्णा म्हणाले, “आता जास्तच घट्ट झाला काय गं पट्टा?” मग खात्री करायला आम्ही घरच्या अभंगांची कॅसेट लावून पाहिली. पट्टा बरोबर होता. गाणंच तसं होतं.

ते गाणं ‘टेक ऑन मी’ आणि ते गाणारा बँड ‘आ-हा’, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. पण त्याच्या मागे लागले ती अलीकडे, आणि त्याला कारण माझा भाचा. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी पुण्यात एक बँड काढला होता. एका कंपनीनं त्यांचं एक गाणं घेतलं, बाजारात सोडलं, आणि ते कुणाच्याच कानावर पडलं नाही. पुढे कंपनीनं फोन उचलणंही बंद केलं. “मावशी, गाणंच वाईट असणार,” असं म्हणून त्यानं गिटार माळ्यावर टाकली. मला ते गाणं वाईट वाटलं नव्हतं. पण मावशीच्या मताला काय किंमत? म्हणून मी दुसऱ्या कुणाचा तरी पुरावा शोधायला लागले. मी संगीत किंवा संगीताचा व्यापार रीतसर शिकलेली नाही. दुकानात बसून कान तयार झाला आणि नंतर मिळेल ते वाचत, ऐकत, जुळवत गेले. मला असं एक उदाहरण हवं होतं, जिथे तेच गाणं आधी पडलं आणि नंतर चाललं, म्हणजे मधल्या काळात नेमकं काय बदललं ते बघता येईल. ‘टेक ऑन मी’ त्यासाठी अगदी नमुनेदार निघालं. ते दोनदा पडलं आहे.

सुरुवात ऑस्लोत होते. सत्तरच्या दशकाअखेरचं नॉर्वे हे पॉप संगीताच्या नकाशावर जवळपास नसलेलं ठिकाण. शेजारच्या स्वीडनच्या ‘आबा’नं १९७४ साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकून जग पालथं घातलं होतं. त्याच स्पर्धेत नॉर्वेला १९७८ साली शून्य गुण मिळाले आणि १९८१ साली पुन्हा शून्य. शून्य हा तिथे थट्टेचा आणि थोडा लाजेचाही विषय झाला होता. अशा देशातली दोन शाळकरी मुलं, पोल वॉक्तार आणि माग्ने फुरुहोल्मेन, जगप्रसिद्ध व्हायचं ठरवून बसली होती. माग्नेचे वडील जॅझमधले ट्रम्पेटवादक. १९६९ साली एका विमान अपघातात ते गेले, तेव्हा माग्ने सहा वर्षांचा होता. दोघांनी इतर दोन मित्रांना घेऊन ‘ब्रिजेस’ नावाचा बँड काढला आणि १९८० साली पदरचे पैसे घालून ‘फाकेलटॉग’ नावाची तबकडी काढली. मशालमिरवणूक असा त्या शब्दाचा अर्थ. प्रती काढल्या एक हजार. मिरवणूक काही निघाली नाही.

याच काळात माग्नेनं कीबोर्डवर एक छोटी सुरावट बसवली होती. टणटण उड्या मारत जाणारी, एकदा ऐकली की डोक्यातून न निघणारी. आज जगभर कुणीही ओळखेल ती हीच. पोलला ती पसंत नव्हती. ती फार गोड, फार सोपी, च्युइंग गमच्या जाहिरातीत शोभेल अशी वाटत होती, म्हणून आपसात तिचं नाव ‘ज्यूसीफ्रूट गाणं’ असंच पडलं होतं. ही मुलं गंभीर, काळोख्या संगीताच्या नादातली. आपल्याच हातून झालेल्या लोकप्रिय वस्तूची त्यांना लाज वाटत होती. आपल्याकडे भावगीत-चित्रपटगीत करणाऱ्या कितीतरी संगीतकारांना अशी लाज वाटलेली मी वाचली आहे, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. त्या सुरावटीत काहीतरी आहे, हे पहिल्यांदा ठामपणे म्हणणारा मॉर्टन हार्केट. तो ब्रिजेसचा कार्यक्रम ऐकून भारावलेला, दुसऱ्या एका बँडमध्ये गाणारा मुलगा. पुढे तो यांना येऊन मिळाला. बँडचं नावही त्यालाच सापडलं. पोलच्या वहीत गाण्याचं शीर्षक म्हणून ‘आ-हा’ असं लिहिलेलं होतं, ते त्यानं उचललं. कुठल्याही भाषेत कळेल असा उद्गार. मराठीत तर तो जसाच्या तसा आहे.

जगप्रसिद्ध व्हायचं म्हणजे लंडनला जायचं. पोल आणि माग्ने १९८२ मध्ये एकदा जाऊन, पैसे संपवून परत आले. १९८३ च्या सुरुवातीला तिघं मिळून गेले. जाताना हातात डेमो होते, म्हणजे कंपन्यांना ऐकवण्यापुरतं केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण. डेमो आणखी सुधारायला त्यांनी दक्षिण लंडनमधला जॉन रॅटक्लिफ यांचा स्टुडिओ निवडला. त्याच्या जाहिरातीत स्पेस इनव्हेडर्स या व्हिडिओ गेमचं यंत्र असल्याचा उल्लेख होता म्हणून तो निवडला, असं सांगतात. रॅटक्लिफ यांना मुलं आवडली. त्यांनी टेरी स्लेटर यांना बोलावलं. स्लेटर हे या धंद्यात मुरलेले गृहस्थ, कधीकाळी एव्हर्ली ब्रदर्सबरोबर बास गिटार वाजवलेले. दोघांनी मिळून बँडचं व्यवस्थापन घेतलं. स्लेटर यांनी आपल्या ओळखीच्या अँड्र्यू विकम यांना आणलं. विकम लंडनमध्ये बसून वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीचं काम पाहत. १९८३ च्या अखेरीस करार झाला. करार अमेरिकेतल्या मूळ कंपनीशी झाला, लंडनच्या शाखेशी नाही. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण पुढे सगळं त्यावर फिरणार आहे.

पहिलं ध्वनिमुद्रण टोनी मॅन्सफील्ड यांनी केलं. त्यांचा हातखंडा फेअरलाइट नावाच्या ऑस्ट्रेलियन यंत्रावर. खऱ्या आवाजाचा नमुना साठवून तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवून देणारा हा संगणक, त्या काळातली फार महागडी आणि नवलाची चीज. १९८४ मध्ये हे गाणं बाहेर पडलं. निळ्या पार्श्वभूमीवर तिघं गाताहेत, वाजवताहेत, अशी एक साधी चित्रफीतही होती. नॉर्वेत ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं, घरचीच मुलं होती ना. ब्रिटनमध्ये १३७. त्या देशाची जाहीर वाचली जाणारी यादी तेव्हा शंभरपर्यंतची. त्यापलीकडचा आकडा म्हणजे वर्गात नाव न पुकारलं गेलेला विद्यार्थी.

हे पहिलं रूप आज ऐकायला मिळतं. मी ते पुष्कळदा ऐकलं, एका कानाला ते आणि लगेच दुसरं, असं करून. चाल तीच, शब्द जवळपास तेच, गळा तोच. पण तालाला वजन नाही. सगळे आवाज पातळ, चकचकीत काचेसारखे, आणि ती सुरावट या काचेत कुठेतरी अडकून बसलेली. गायक वर जातो तेव्हा खालून त्याला कुणी उचलून धरत नाही.

हे उचलून धरणं इथे महत्त्वाचं, कारण गाण्याची सगळी गंमत त्या चढणीत आहे. आपल्या पद्धतीनं सांगायचं तर पांढरी सहा हा षड्ज धरा. ध्रुवपद मंद्र सप्तकाच्या षड्जापासून सुरू होतं आणि ओळीओळीनं पायऱ्या चढत तार सप्तकाच्या पंचमापर्यंत जातं. अडीच सप्तकांहून अधिकचा पल्ला, तोही एका ध्रुवपदात. शेवटच्या पायरीवर नेहमीचा गळा संपतो आणि गायक खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत शिरतो. हा सांधा जाणवू न देणं हे हार्केटचं कसब. जाणवलंच तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता पडणार. आणि तो पडत नाही. आमच्या अण्णांना पट्ट्याची शंका आली ती नेमक्या या जागी.

दुसऱ्या खेपेला अ‍ॅलन टार्नी आले. क्लिफ रिचर्ड यांचं १९७९ चं गाजलेलं ‘वी डोन्ट टॉक एनीमोअर’ हे त्यांनी लिहिलेलं. (क्लिफ रिचर्ड यांचा जन्म लखनौचा, हे जाता जाता.) टार्नींनी फेअरलाइट बाजूला ठेवलं. ताल लिन यंत्रावरच घेतला, पण त्यावर खऱ्या झांजांचे ठोके वाजवून घातले. मुख्य सुरावट माग्नेनं रोलँड कंपनीच्या ज्यूनो-६० वर वाजवली. ज्यूनोचा आवाज फेअरलाइटपेक्षा कितीतरी साधा, पण भरीव. दुरुस्तीवाल्याच्या भाषेत सांगते: महागडं यंत्र काढून स्वस्त यंत्र बसवलं आणि सेट चालू झाला. आज आपण ऐकतो ते हेच रूप. मला विचाराल तर यात सुधारायला काही उरलेलं नाही.

आणि तेही ब्रिटनमध्ये पडलं.

या ठिकाणी मी भाच्याला फोन केला होता. दुरुस्त झालेलं, पुढे जगभर वाजणार असलेलं, अक्षरश: तेच ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि कुणी विकत घेतलं नाही. लंडनच्या शाखेनं ते मनापासून उचललं नव्हतं. करार तिनं केलेला नव्हता, यश आलं तर श्रेय तिचं नव्हतं. गाणं दुकानात असणं आणि लोकांपर्यंत पोचणं यांत एक माणूस लागतो. रेडिओवाल्यांना फोन करणारा, दुकानदाराला दर्शनी फळीवर ठेवायला लावणारा. तो माणूस नसेल तर चांगलं गाणं आणि वाईट गाणं सारखीच धूळ खातात.

बहुतेक कथा इथे संपतात. दोनदा पडलेल्या गाण्यावर तिसऱ्यांदा पैसे घालणं हे कुठल्याही हिशेबनिसाला पटणारं नाही. ही कथा संपली नाही, याचं कारण स्लेटर यांनी लंडन ओलांडून थेट अमेरिकेच्या मुख्य कचेरीत दाद मागितली आणि विकम यांनी आपलं वजन टाकलं. विकम यांनीच या मुलांना आणलेलं, त्यामुळे त्यांचाही शब्द पणाला लागलेला होता. कंपनीत चित्रफितींचा विचार करणारे जेफ एअरॉफ यांच्याकडे एक कल्पना होती. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलाशाळेतल्या मायकेल पॅटरसन या मुलानं विद्यार्थी असताना ‘कम्यूटर’ नावाचा एक छोटा रेखाचित्रपट केला होता. पेन्सिलीच्या हलत्या, थरथरत्या रेघांचा. ती शैली एअरॉफ यांच्या डोक्यात होती. दिग्दर्शनाला घेतलं स्टीव्ह बॅरन यांना. मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ची चित्रफीत त्यांचीच.

लंडनमधल्या एका साध्या कॅफेत एक मुलगी चित्रकथेचं मासिक वाचत बसली आहे. चित्रातला शर्यतीचा नायक तिला डोळा मारतो आणि पानातून हात बाहेर काढतो. ती आत जाते. आत सगळं पेन्सिलीचं. एका चौकटीपुरतं दोघं खरे, चौकटीबाहेर रेघा. हे करायला वापरलेलं तंत्र मुळीच नवं नव्हतं. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपचं पेटंट पहिल्या महायुद्धाच्या काळातच घेतलं होतं. आधी खऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचं, मग एकेक चौकट कागदावर पाडून तिच्यावरून रेखाटायचं. पॅटरसन आणि त्यांची सहकारी कँडेस रेकिंजर यांनी अशी सुमारे ३००० चित्रं काढली. १६ आठवडे लागले. म्हणजे आठवड्याला सरासरी १८०-१९० चित्रं. कुठल्याही पॉप गाण्यासाठी तोवर कुणी एवढी मुदत दिली नसेल. थांबायला तयार असणं हीसुद्धा एक गुंतवणूकच, आणि ती पैशाहून दुर्मीळ.

आता वेळेचा भाग. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेली. चोवीस तास गाणी दाखवायची, तर तिला सतत नव्या चित्रफिती हव्या असत, आणि त्या रेकॉर्ड कंपन्या स्वखर्चानं करून देत. (स्वखर्च हा शब्द जपून घ्यावा. हा खर्च पुढे कलाकाराच्या मानधनातून निदान काही अंशी वळता करून घेण्याचा या धंद्यात रिवाज आहे.) रेडिओवर नवं नाव शिरवायचं तर शेकडो केंद्रांचं मन वळवावं लागे. इथे एकाच दारातून सारी अमेरिका भेटत होती. वॉर्नरनं चित्रफीत आधी सोडली आणि तबकडी दुकानात नंतर आणली. म्हणजे लोक दुकानात येऊन विचारू लागले तेव्हा माल हजर होता. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी ‘टेक ऑन मी’ बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. ज्या ब्रिटननं त्याला दोनदा नाकारलं होतं, तिथे ते तिसऱ्या खेपेला दुसऱ्या क्रमांकावर तीन आठवडे थांबलं. पुढच्या वर्षी एमटीव्हीच्या सोहळ्यात या एका चित्रफितीला सहा पारितोषिकं मिळाली. वर्षातली सर्वोत्तम चित्रफीत हा मान मात्र डायर स्ट्रेट्सच्या ‘मनी फॉर नथिंग’कडे गेला. तिचे दिग्दर्शकही बॅरनच. म्हणजे त्या दिवशी हरले तेही तेच आणि जिंकले तेही तेच.

या सगळ्याचा अर्थ सर्वसाधारणपणे ‘चित्रफितीनं गाणं चालवलं’ असा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. पहिल्या वेळीही चित्रफीत होतीच. ध्वनीची दुरुस्ती झाली नसती, तर पेन्सिलीच्या रेघांखाली ते काचेसारखं पातळ गाणं टिकलं असतं का, याची शंका मला कान सांगतात म्हणून आहे. आणि फक्त ध्वनी पुरेसा नाही, हे दुसऱ्या अपयशानं दाखवलं. दोन्ही जमून आलं, कारण मधल्या काळात एक कचेरी या गाण्यावर रागावली नाही. भाच्याला मी हेच सांगितलं. त्यावर तो म्हणाला, “म्हणजे आपली कंपनी चुकीची होती?” मी म्हटलं, तसंही नाही रे. शंभर गाणी तीनदा सोडली, तर त्यातली किती चालतील, ते कुणी मोजलेलं नाही. सोडतच नाहीत तीनदा. मला एवढंच म्हणायचंय की एकदा पडल्यावर गाण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्याला हे उत्तर फारसं आवडलं नाही. मलाही ते पुरतं आवडलेलं नाही, पण पुराव्यात एवढंच बसतं.

यशाची दुसरी बाजूही आहे, आणि ती त्याच चित्रफितीतून आली. ज्यांना गंभीर संगीतकार व्हायचं होतं, ती तीन मुलं एका रात्रीत मुलींच्या खोलीतल्या भिंतीवरची पोस्टरं झाली. ‘हंटिंग हाय अँड लो’ या त्यांच्या पहिल्या अल्बमची बरीचशी गाणी पोलनं लिहिलेली, उदास, नॉर्वेच्या हिवाळ्यासारखी. त्याकडे कोण लक्ष देणार? कार्यक्रमात किंकाळ्या इतक्या, की गाणं ऐकू येत नसे. अमेरिकेनं त्यांना पुढे जवळपास एकाच गाण्याचा बँड म्हणून नोंदवून टाकलं. बाकी जगात गोष्ट वेगळी होती. १९९१ साली रिओच्या माराकाना मैदानात त्यांना ऐकायला १ लाख ९८ हजार लोक तिकीट काढून आले. पण ब्राझीलमधली गर्दी न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्राला दिसत नाही. तिघांतही कुरबुरी होत्या. सुरावट कुणाची, गाणं कुणाचं, श्रेय किती, हे प्रश्न पहिल्या यशापासूनचे. त्यांवर २०२१ सालच्या माहितीपटात तिघं आपापल्या खुर्चीतून वेगवेगळं बोलताना दिसतात. माग्ने पुढे चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणूनही नावारूपाला आला. मला यात नवल वाटत नाही. रेघेनं काय होतं, ते त्यानं जवळून पाहिलं होतं.

त्यांच्या पुढच्या गाण्याची, ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ची चित्रफीत या लेखासाठी मी पुन्हा पाहिली. ते गाणं जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. दिग्दर्शक बॅरनच. सुरुवातीला मागच्या कथेतलं जोडपं परत येतं. मुलगा पुन्हा पेन्सिलीच्या रेघांत विरघळू लागतो, घाबरून पळून जातो आणि पडद्यावर ‘समाप्त’ येतं. मग खरं गाणं सुरू होतं. बँड एका चर्चमध्ये वाजवतो आहे आणि समोर श्रोते म्हणून कपड्यांच्या दुकानातले पुतळे बसवले आहेत, रांगाच्या रांगा. प्रसिद्धी मिळून जेमतेम काही महिने झालेले. हे त्यांना इतक्या लवकर कसं कळलं असेल, असं वाटत राहतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात हे तिघं नॉर्वेतल्या गिस्के नावाच्या बेटावर जमले आणि एमटीव्हीच्याच ‘अनप्लग्ड’ मालिकेसाठी विजेच्या वाद्यांशिवाय आपली जुनी गाणी त्यांनी वाजवली. ‘टेक ऑन मी’ त्यांनी अगदी विलंबित केलं. यंत्राचा ताल नाही, पळापळ नाही. माग्नेची ती टणटण सुरावट पियानोवर एकेक स्वर सुटा करून येते. पन्नाशी ओलांडलेला हार्केट त्याच पायऱ्या चढतो, पण घाई न करता, मध्ये श्वास घेत. ऐकताना कळतं की जिला ही मुलं च्युइंग गमची जाहिरात समजत होती, तिच्या तळाशी सुरुवातीपासूनच एक विराणी होती.

दिवाळीच्या आधी भाचा घरी आला होता, तेव्हा त्याला ते ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, हे तर तू सांगतेस त्या सैल पट्ट्यासारखं वाजतंय.” मी म्हटलं, हो, मी ते पहिल्यांदा ऐकलं ते असंच. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.